चारशे वर्षांचा जिना

दोन्ही पाय गेल्यापासून डेसमंड अकरा महिने माडीवरच्या खोलीत अडकून पडला होता. ओकचा जिना इतका अरुंद की त्याला उचलून आणणारी दोन माणसं वळणावरच अडकायची. निदान बागेत तरी बसता यावं म्हणून त्याच्या बायकोनं, मॉरीननं, जिन्याला सरकती खुर्ची लावायची परवानगी मागितली. घर जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, म्हणून पाहणीला अधिकारी आले, पेलमसाहेब.

साहेबांनी तुळयांवरून हात फिरवला, खांबांवरून फिरवला. मग डेसमंडला नमस्कार केला.

"बाई, ह्या खांबांत एक स्क्रूसुद्धा मारता येणार नाही. चारशे वर्षांपूर्वी एकही खिळा न ठोकता उभं केलंय हे घर!"

"खरंय, खांबाला दुखेल," मॉरीन म्हणाली. "पण मग नवऱ्याला खाली कसं आणू?"

साहेब विचारात पडले. पलंगाशेजारच्या जाजमाखाली त्यांना काहीतरी उंचवटा दिसला. त्यांनी गुडघे टेकून जाजम सारलं आणि एकदम ओरडले, "अहो, हे बघा! जमिनीत झडप! अगदी मूळची! जिन्यातून शवपेटी वळत नसे ना, म्हणून इथून दोरांनी खाली सोडायचे. बघा, त्या लोकांनी तुमची सोय आधीच करून ठेवलीय!"

डेसमंड उशीवरून मान उचलून अदबीनं म्हणाला, "साहेब, जिवंत माणसाला इथून उतरायचं असेल, तर अर्ज वेगळा करावा लागतो का?"