काय अडतंय?

साहेबांनी विचारलं, “दुसऱ्या टीमचा प्रोजेक्ट मॅनेजर होतोस, की आहेस त्याच टीमचा स्क्रम मास्टर? उद्या सांग.”

आमच्या टीमचा मॅनेजर म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मला नोकरीला चिकटवलंही त्यानेच. म्हणून त्यालाच विचारलं.

“मॅनेजर होऊ नकोस रे,” दादा म्हणाला. “काम झालं तर टीमचं कौतुक, बुडालं तर मान आपली. स्क्रम मास्टर हो. रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करायचं, काय अडतंय ते विचारायचं आणि अडथळा दूर करायचा. मजाच मजा!”

वहिनी म्हणाली, “होऊ द्या भावजींना. घरात एकाला तरी सुखाने जेवता येईल.”

मी झालो. पहिल्याच सकाळी सगळ्यांना गोल उभं केलं. दादाही कॉफीचा मग घेऊन कौतुकाने येऊन उभा राहिला.

“बोला, काय अडतंय?”

सगळ्यांनी नुसतं दादाकडे पाहिलं.

दादाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

दारातून साहेब मला म्हणाले, “शाब्बास. आता दूर कर.”