चौदा नंबरचा आंबा

वादळात चौदा नंबरचा आंबा मुळासकट उन्मळून पडला. हेमांगीच्या वडिलांनी, अण्णांनी, रोपवाटिकेत लावलेलं ते पहिलं आंब्याचं झाड. "अण्णा गेले, आता त्यांच्या आंब्याची चवही गेली," ती हळहळली.

मग तिने संगणक उघडला. अण्णांच्या वहीतलं प्रत्येक कलम तिने टेबलात भरलं होतं. प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाचं नाव आणि ज्याच्या काडीवरून कलम बांधलं त्या आईझाडाचा नंबर. चौदाची लेकरं, लेकरांची लेकरं शोधायला तिने क्वेरी चालवून सगळ्या नोंदी धुंडाळल्या. अकरा नावं आली. दहा घरांत झाड उरलं नव्हतं.

अकराव्या फोनवर देवरुखच्या बेबीताई म्हणाल्या, "अगो, अण्णांचा आंबा यंदाही लगडलाय. कलमाला काड्या न्यायला कधी येतेस?"

दुसऱ्याच दिवशी त्या झाडाखाली तिने आंबा चोखला. रस कोपरापर्यंत ओघळला. लहानपणी असा ओघळ अण्णा पंच्याने पुसायचे. आज तिने तो पुसलाच नाही.