काठावरचे जलरंग

नगरपालिकेने सुनावणीत लेखी सांगितले, "नदी निर्मळ आहे. काठावर बसून काढलेले हे जलरंगातले निसर्गचित्र त्याचा पुरावा आहे." हा पुरावा ग्राह्य ठरला, तर सांडपाण्याने मासे मेल्याची भोयांची तक्रार तिथेच संपणार होती.

भोयांच्या बाजूने आलेल्या निवृत्त कलाशिक्षिका गर्गेबाईंनी चित्र न्याहाळले. पाण्यावर पहाटेचा सोनेरी उजेड होता, डोलणारी होडीही होती. सांडपाण्याचा फेस मात्र चित्रकाराच्या सौंदर्यदृष्टीत मावला नव्हता.

साक्षीला आलेला चित्रकार त्यांचाच जुना विद्यार्थी. "सुरेख उतरलंय रे," बाई म्हणाल्या. "काठावर बसलं की ब्रश नदीच्याच पाण्यात बुडवायचा, असं शिकवलं होतं मी. बुडवलास ना?"

त्याचे उत्तर कारकुनाने शब्दशः टिपले:

"नाही, बाई. बाटलीतलं पाणी नेलं होतं. नदीचं घातलं की निळ्याचा काळा होतो."