वजन कुठाय?

"वजन कुठाय?"

मास्तरांचा आवाज कानामागून आला आणि वॉचमनच्या हातातला कोळसा जागच्या जागी थांबला.

"नाक काढलंस, बटणं काढलीस, बुटाची नाडीसुद्धा सोडली नाहीस. पण हा माणूस उभा कशावर आहे? हा तर दोरीवर वाळत घातलाय!"

चित्रकलेचा वर्ग हसला. समोर मॉडेल म्हणून उभा असलेला न्हावी सगळ्यात मोठ्याने हसला आणि त्याची पोज मोडली.

मास्तरांनी घड्याळ बंद केलं. "हलला. परत हलला. या गावात न हलणारा माणूस मिळेल का हो एक तरी?"

मास्तरांचा नियम सोपा होता. तीस सेकंदांत अख्खा माणूस कागदावर उतरवायचा. चेहरा नको, बोटं नकोत. मानेपासून टाचेपर्यंत एक रेघ, आणि मग वजन. "चेहरा खोटं बोलतो. वजन बोलत नाही," असं ते म्हणायचे. म्हणायचे तेही पाठीमागे उभं राहून. सहा महिन्यांत वॉचमनने मास्तरांना डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिलं होतं.

सरावाला मात्र त्याच्याकडे खात्रीचा गडी होता. वॉचमनची ड्यूटी वैद्यकीय कॉलेजातल्या हाडांच्या खोलीवर. आत एक खराखुरा सांगाडा लटकलेला असायचा. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांच्या गळ्यात पट्टी होती: उंची पाच फूट सात इंच, वजन चार किलो. वॉचमन रोज वीस वेळा अण्णांना काढायचा. चार महिन्यांत वही भरली, पण अण्णांनी कधी कुरकुर केली नाही. ती वही चाळून मास्तर एवढंच म्हणाले होते, "हा बरा उभा राहतो."

बुधवारी भरदुपारी अण्णा चोरीला गेले.

दुःख त्याचं नव्हतं. दुःख हे होतं, की दार वॉचमननेच उघडून धरलं होतं. लांब कोट घातलेला, तोंडाला मास्क लावलेला एक माणूस, आणि त्याच्या काखेत नखशिखांत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला कुणी आजारी. कॉलेजला लागूनच दवाखाना, तेव्हा असे दिवसाला पन्नास जायचे. "सावकाश न्या हो," वॉचमन म्हणाला होता. वर विचारलंही होतं, "पाणी देऊ का त्यांना?" त्या माणसाने नुसती मान हलवली आणि तो निघून गेला.

मोठ्या साहेबांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं.

"सांगाडा निघून गेला हे बाहेर कळलं, तर लोक आपली हाडं मोजतील. कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. सोमवारपर्यंत चोर दाखव. नाहीतर नोकरी आणि क्वार्टर, दोन्ही सोड."

बायकोला मात्र सांगावं लागलं, कारण क्वार्टरमध्ये तीही राहत होती.

घरी आल्यावर वॉचमनने डोळे मिटले. तो माणूस दिसला होता जेमतेम तीस सेकंद. पण तीस सेकंद म्हणजे तर त्याचा रोजचा रियाज! त्याने चाळीस कागद फाडले. एकेचाळिसाव्यावर माणूस उभा राहिला. लांब कोट, काखेत आजारी. आणि या वेळी वजनसुद्धा त्याने आठवणीने घातलं. चांगल्या उंचीचा माणूस काखेत म्हटल्यावर पाठ वाकणारच. धनुष्यासारखी वाकवली.

बायकोने भाजी चिरता चिरता डोकावून पाहिलं आणि सुरी थांबली.

"अहो, हा आमचा दादा आहे."

"कशावरून?"

"असा वाकून दुसरं कोण चालतं? वीस वर्षं लोकांची कपाटं वाहिलीत त्याने."

मेव्हणा तसा धुतल्या तांदळासारखा नव्हता. मागे एकदा तो शाळेची घंटा विकायला घेऊन आला होता, आणि ती वाजते हे दाखवायला त्याने ती वाजवलीही होती.

"दादाला पकडून दिलंत, तर मी माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आणि नाही दिलं, तर आपल्याला राहायलाच तिकडे जावं लागेल."

ती पुन्हा कागदावर वाकली. मग आशेने म्हणाली, "चित्र चुकलं असेल हो. एरवी तरी तुमचं कुठं बरोबर येतं?"

वॉचमनला पहिल्यांदाच ते बोलणं गोड लागलं. त्याने सबंध जन्मात एवढ्या मनापासून स्वतःची चूक मागितली नव्हती. पण चूक आहे की नाही, ते सांगणारा माणूस एकच होता.

रविवारी सकाळी तो तासभर आधीच वर्गात पोचला. मास्तर खुशीत होते. स्वतः झाडू मारत होते.

"त्या न्हाव्याला नारळ दिला," ते म्हणाले. "तू आज इतक्या लवकर?"

वॉचमनने कागद फळीवर लावला. साहेबांची ताकीद त्याच्या लक्षात होती.

"रस्त्यात पाहिलं होतं, मास्तर. एकजण आपल्या आजारी भावाला काखेत धरून नेत होता. फक्त एवढंच सांगा, हा वाकलाय तो बरोबर वाकलाय का? माझ्या घराचा प्रश्न आहे."

मास्तर सवयीप्रमाणे त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मग कानामागे तो ओळखीचा, चुकलेलं चित्र पाहिल्यावरचा "च्च्" ऐकू आला.

"सहा महिने घसा कोरडा केला मी. आज वजन घातलंस, तर तेही भलतंच."

"म्हणजे चुकलंय?" वॉचमनचा जीव भांड्यात पडला. "नक्की ना, मास्तर?"

"साफ चुकलंय. कोळसा इकडे दे." खांद्यावरून एक हात पुढे आला. त्याने ती धनुष्यासारखी पाठ अंगठ्याने पुसली आणि तिथे मानेपासून टाचेपर्यंत एक सरळ, ताठ रेघ ओढली. "अरे, चार किलोसाठी कुणी इतकं वाकतं का?"