मादीचा पिंजरा

नवऱ्याचं वर्षश्राद्ध होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच धाकटा दीर शेवंताच्या परसात सशांचे पिंजरे मोजायला आला. भावाच्या आजारपणात एकदाही न फिरकलेल्या माणसानं पिंजरे मात्र दोनदा मोजले.

"वहिनी, सशाच्या मटणाचा धंदा बाईमाणसाला झेपायचा नाही. ससे मी सांभाळतो. तुम्ही आमच्याकडं राहा, सुखानं दोन घास खा."

"एक जोडी लावून दाखवा भावजी," ती पाला निवडता निवडता म्हणाली. "जमलं तर पिंजरे तुमचे."

"त्यात काय अवघड?" त्यानं धिप्पाड नर कानांना धरून उचलला आणि मादीच्या पिंजऱ्यात सोडला. मादीनं थेट झेप घेतली. जाळीतून पांढऱ्या केसांचे पुंजके उडाले. नराला सोडवायला घातलेल्या हातावर तीन ओरखडे उठले.

शेवंतानं नर काढून त्याच्या पिंजऱ्यात ठेवला. मग मादीला बुडाखाली हात देऊन उचललं आणि तिथं सोडलं. मादी गुमान बसली.

"तिला त्याच्याकडं न्यायचं असतं. तिच्या घरात कुणी घुसलं की ती फाडून काढते."

दीर हात चोळत जिंकल्यासारखा हसला. "बघा की. दुसऱ्याच्या घरात गेली की कशी गप बसते. म्हणून म्हणतो, आमच्याकडं चला."

"म्हणूनच येत नाही," शेवंता म्हणाली आणि ओरखड्यांवर लावायला हळदीची पुडी त्याच्या हातात ठेवली. "जाताना परसाचं दार बाहेरून ओढून घ्या."