कॅप्टन केसनरची फाइल

आजही पाकीट नव्हतं. रफिकने कंपनीच्या पोस्ट बॉक्समधून आणलेला गठ्ठा फोरमन हेमचंद्रच्या टेबलावर टाकला आणि त्याने विचारायच्या आधीच नकारार्थी मान हलवली.

"येईल हो हेमभाऊ. तुमचा तो जर्मनीतला म्हातारा नऊ वर्षांत कधी नाही म्हणालाय का?"

"नाही," हेमचंद्र म्हणाला. "एकदाही नाही."

तो उठला आणि फडकं घेऊन प्रेस पुसायला लागला. पत्र्याची झाकणं काढणारा तो जर्मन प्रेस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्या शेडमध्ये सगळ्यात जुना. त्याची पितळी पट्टी हेमचंद्र रोज स्वतः घासायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

त्याला एक खूळ होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या कुंडल्या मांडायच्या. कोण कुठे जन्मला, कोणत्या तुकडीत होता, बढती कधी मिळाली, मेला कुठे. दुबईच्या करामा वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत कपाटभर फायली. मृणालिनी म्हणायची, मला डबे ठेवायला जागा नाही आणि नवऱ्याने घरात तीनशे कॅप्टन पोसलेत. सुट्टीवर गेला असताना साताऱ्यात एका प्राध्यापकाने हसत विचारलं होतं, मॅट्रिक नापास माणसाला हे धंदे कशाला. "तुम्ही शिकलेल्यांनी केले नाहीत म्हणून," हेमचंद्र म्हणाला होता. प्राध्यापकाचा चहा तसाच राहिला.

खुळाला कारण होतं. त्याचा बाप, शिपाई महादू, त्रेचाळीसच्या थंडीत इटलीत एका नदीकाठी गेला. हेमचंद्र तेव्हा आईच्या पोटात होता. सरकारने एक कागद पाठवला. बेपत्ता. मृत समजावे. साहेबांच्या घोड्यांचीसुद्धा नोंद ठेवणाऱ्या त्या सरकारला आपला शिपाई कुठल्या खड्ड्यात पडलाय ते ठाऊक नव्हतं, आणि समजून घ्यायचं होतं ते एका एकोणीस वर्षांच्या बाईने. हेमचंद्रच्या आईने, तानुबाईने, समजून घेतलं नाही. प्रेत नाही, तारीख नाही, डोळ्यांनी बघितलेला माणूस नाही. पन्नास वर्षं ती कुंकू लावत राहिली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, आणि नको येऊ असंही तोंडावर कुणी म्हणायचं नाही.

आपल्यांनी लिहून ठेवलं नाही, तर शत्रूने ठेवलं असेल, असं हेमचंद्रने धरलं. ब्याण्णव साली त्याला जर्मनीतल्या ब्रांटचा पत्ता मिळाला. लष्करी दफ्तरात कारकून होता म्हणे. आता घरबसल्या फी घेऊन कागद शोधून द्यायचा, सोबत इंग्रजी तर्जुमा जोडायचा. हेमचंद्रने त्याला सगळं कळवलं. बापाचा नंबर, पलटण, नदीचं नाव, डाव्या हाताचं तुटकं बोट.

चार महिन्यांनी फाइल आली. जर्मन अधिकारी, लेफ्टनंट फोख्ट. त्याचा फोटो, त्याच्या नेमणुका आणि त्याच्या सहीचा एक अहवाल. पहाटे आमच्या खंदकात एक जखमी हिंदी शिपाई सापडला. डाव्या हाताला एक बोट कमी. पाणी दिलं. उजाडताना गेला. ऑलिव्हच्या झाडाखाली पुरला.

हेमचंद्रने गावी जाऊन तो कागद आईला मराठीत सांगितला.

"पाणी दिलं ना?" तानुबाईने एवढंच विचारलं. मग पदराच्या टोकाने कपाळ पुसलं.

त्या वर्षी महादूचं पहिलं श्राद्ध झालं. दोन वर्षांनी तीही गेली. ब्रांट तेव्हापासून हेमचंद्रचा देव झाला. कपाटातली फाइल अन् फाइल त्याच्याकडची.

यंदा मे महिन्यात इंटरनेटवर इंग्लंडच्या एका गृहस्थाने विचारलं, हे तुमचे ब्रांटसाहेब कोण? या कामातल्या कुणालाच ते माहीत नाहीत. हेमचंद्रने उत्तर दिलं नाही. लोकांना दुसऱ्याचं काम बघवत नाही, असं मृणालिनीला सांगून तो मोकळा झाला.

जूनमध्ये त्याने ब्रांटला नवं नाव पाठवलं. कॅप्टन ऑटो केसनर, जन्म ९ नोव्हेंबर १९०८, इटलीत तोफखान्यात असावा.

"नऊ नोव्हेंबर," पाकिटावर तिकीट लावता लावता मृणालिनी म्हणाली. "आपल्या ईश्वरीचा वाढदिवस. शुभ आहे हो तुमचा कॅप्टन."

ईश्वरीने कॉलेजच्या पुस्तकातून मान वर केली नाही. "बाबा, ही इज डेड. लेट हिम बी."

मग जुलै गेला, ऑगस्ट गेला. हेमचंद्रचं जेवण सुटलं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशीही तो कपाट उघडेना. एकाच माणसासाठी एवढा जीव का टाकताय, असं मृणालिनीने विचारलंच.

"याचं काय ते कळलं की खलास. मग पुन्हा कुणाला शोधणार नाही."

तिने देवापुढे साखर ठेवली.

सप्टेंबरात एका गुरुवारी रफिक शेडच्या दारातूनच पाकीट नाचवत आला. "जाड आहे, हेमभाऊ. यल्ला, पेढे काढा."

हेमचंद्रने पाकीट हातावर तोललं. तो प्रेसच्या चौथऱ्यावर बसला आणि कडेने फाडलं. फोटो होता. पातळ ओठांचा, टोपी किंचित तिरकी. जन्म ९ नोव्हेंबर १९०८, बाप शाळामास्तर. गुडघ्याला जखम. दोन पदकं. बायकोला लिहिलेलं एक पत्र. मृत्यू, चव्वेचाळीसचा मे. खाली गोल शिक्का आणि दोन सह्या.

रफिक खांद्यावरून वाचत होता. "माशाल्ला. बायकोचं पत्रसुद्धा. बघा, म्हणालो नव्हतो? सापडला तुमचा केसनर."

हेमचंद्रच्या मांडीवरून कागद घसरले. ते त्याने उचलले नाहीत. हात लांबवून प्रेसच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. प्रेस बनवणाऱ्याचं तिथे कोरलेलं आडनावच त्याने उचललं होतं, तारीख लेकीची घेतली होती, आणि कॅप्टन ऑटो केसनरला जून महिन्यात, करामातल्या जेवणाच्या टेबलावर, स्वतःच जन्माला घातलं होतं.