पान एकशे बारा

वकिली सोडून रहस्यकथा लिहायला लागलेल्या साहेबांच्या सहीसाठी पुस्तकाच्या दुकानात चक्क रांग लागली होती. कोर्टात त्यांचं ऐकताना न्यायाधीशही जांभया देत.

एका बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं, उघडलेलंच.

"सही पहिल्या पानावर करतो मी, ताई."

"करा हो. आधी हे पान बघा. आमच्या दादाची केस तुम्हीच लढला होतात. खुनाची. वॉचमन होता तो."

साहेबांचं पेन थबकलं.

"इथेही वॉचमनच आहे. पण याचा वकील पंचनाम्यावर बोट ठेवून दाखवतो, खुन्याच्या बुटाचे ठसे दहा नंबरचे आणि वॉचमनचा पाय सहाचा. सुटतो बिचारा." बाईंचा आवाज खाली आला. "दादाचा पायही सहाचाच. खरं सांगा साहेब, त्याच्या कागदांत असं काही होतं का हो?"

साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागची रांग चुळबुळायला लागली.

"छे हो! गोष्ट आहे ती. सगळं रचलेलं."

"बघा! मागच्या भेटीत दादाला हेच सांगितलं मी. असतं तर साहेबांनी सोडलं असतं का?" बाईंनी स्वतःच पहिलं पान काढून दिलं. "त्याच्याच नावाने द्या. तुरुंगात वाचायला नेते."

साहेबांनी सही केली.



त्या कादंबरीत रचलेलं एकच होतं: निकालाआधी फाईल वाचणारा वकील.